वरचा सूर झाकणारा माइक

ताईचा फोन आला तेव्हा ठकी एका साबणाच्या जाहिरातीतली शिंक कापून काढत होती. निवेदकाला नेमकी ‘ताजेपणा’ या शब्दावर शिंक आली होती आणि त्याला पुन्हा बोलवायला वेळ नव्हता.

“ठके, मला एक माइक घेऊन दे,” ताई म्हणाली. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. “आणि माइकबरोबर जे काय लागतं ते सगळं. घरात गाणी रेकॉर्ड करायचीत मला.”

“कोणाची गाणी?”

“माझी. दुसऱ्या कोणाची करणार?”

ठकीने कानावरचा हेडफोन काढून ठेवला. एकोणपन्नास वर्षांची बाई होती ती, ध्वनिमुद्रणाच्या कामात अठ्ठावीस वर्षं मुरलेली. स्टुडिओत लहानथोर सगळे तिला मॅडम म्हणत. ठकी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते आत्ता फोनवर होतं.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दातांच्या एका दवाखान्यात दारातल्या टेबलाशी बसण्यात तिची चोवीस वर्षं गेली. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, घाबरलेल्यांची समजूत काढायची. तिचा तो खालच्या पट्टीतला मऊ आवाज ऐकला की निम्मी दाढ तिथेच दुखायची थांबते, असं पेशंट म्हणायचे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना बंद केला आणि ताई घरी आली. येताना खोकाभर जुनी कार्डं घेऊन आली. पुढे पेशंटांच्या वेळा आणि मागे गाणी. दोन फोनांच्या मधल्या वेळात तिने ती रचली होती. शब्द तिचे, चालीही तिच्याच. पंचवीसएक होती. सख्ख्या बहिणीला तिने याचा पत्ता लागू दिला नव्हता.

“मी गेले की माझ्याबरोबर जातील ती,” ताई म्हणाली. “म्हणून म्हटलं, कुठेतरी नीट ठेवावीत. तूच निवड सगळं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. फक्त एक बघ.”

“काय?”

“वरच्या सुरांना जरा सांभाळून घेणारा माइक बघ. झाकणारा मिळाला तर फारच बरं. माझा आवाज वर फाटतो ना.”

ठकी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“ऐकतेयस ना गं?”

“हो,” ती म्हणाली. “बघते.”

फोन ठेवून ती पुन्हा कामाला लागली. शिंकेबरोबर तिने ‘ताजेपणा’ही कापून टाकला होता. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा जाहिरात पुढे निघून गेली होती.

ताईचा आवाज वर फाटत नव्हता. हे ठाऊक असलेली ठकी एकटीच होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या दोघी आणि बाबा दोन खोल्यांत राहायचे. आई आधीच गेलेली. बाबांना झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, रात्रीतून कूस बदलून देणं, सगळं ताई बघायची. ठकीला नुकतंच एका स्टुडिओत काम लागलं होतं. काम म्हणजे केबली गुंडाळायच्या, टेपांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि मालकाचं लक्ष नसताना त्याच्या हातांकडे बघून शिकायचं. रोज घरी येताना ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, इतकी खूश असायची.

तेव्हा ताईने वर्तमानपत्रातून एक जाहिरात कापून ठेवली. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या एका वाद्यवृंदाला गायिका हवी होती. आधी टेप पाठवायची, पसंत पडली तर बोलावणं. वर्षातले आठ महिने फिरती.

“नुसतं बघायला काय जातंय,” ताई म्हणाली होती.

ठकीने मालकाकडून किल्ली मागून घेतली. रविवारची दुपार होती. मालक पाचला येणार होता. ताई इस्त्रीचे कपडे घालून आली, जणू टेपवर तेही उमटणार होते. गाण्याची सुरुवात खालून होती. ताई खाली गात होती तोवर यंत्रावरचा काटा निमूट डोलत राहिला. मग गाणं वर चढलं आणि ताईही चढली, स्वतःच्या घराचा जिना चढावा इतक्या सहज. काटा एकदम लाल पट्ट्यावर जाऊन आपटला. हेडफोनमध्ये आवाजाच्या कडा चरचरल्या, जुनं कापड टरकावं तशा. आवाज फाटला नव्हता, तो टेपवर मावला नव्हता एवढंच. ठकीचं बोट बटणावरच होतं. नखभर मागे फिरवायचं आणि ‘ताई, पुन्हा एकदा’ म्हणायचं, की काम झालं. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात तिच्या मनात आलं, ही गेली तर बाबांना कोण बघणार? मीच. मग हे स्टुडिओ-बिडिओ सगळं सुटलं.

बोट होतं तिथेच राहिलं.

“कसं झालं?” ताईने काचेपलीकडून विचारलं.

“छान झालं.”

घरी गेल्यावर दोघींनी छोट्या टेपरेकॉर्डरवर ती टेप लावली. वरचा भाग आला तसा ताईचा चेहरा उतरत गेला. “असा येतो का गं माझा आवाज?”

“माइक काय, जे आहे तेच घेतो,” ठकी म्हणाली.

स्टुडिओत जाणारी ती. शिकणारी ती. ताईने तिच्यावर विश्वास ठेवला. शेवटची तारीख जवळ आली होती म्हणून तीच टेप गेली. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आवाज गोड आहे, परंतु वरच्या सुरांत फाटतो. ताईने ते दोनदा वाचलं, घडी घालून कपाटात ठेवलं आणि बाबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून उठली. त्या दिवसापासून ती सगळं खालच्या पट्टीत गाऊ लागली. मग नुसतं गुणगुणू लागली. चार वर्षांनी बाबा गेले, ताईचं लग्न झालं, दवाखान्यात नोकरी लागली. आणि ठकी केबली गुंडाळता गुंडाळता मॅडम झाली.

सांगायचं तिने कितीदा तरी ठरवलं होतं. आधी बाबा होते, मग ताईचं नवं घर होतं, मग मुलगी लहान होती. पुढे पुढे तर इतक्या उशिरा सांगितलं तर उशीर का केला हेही सांगावं लागेल, म्हणून राहून गेलं.

शनिवारी दोघी दुकानात गेल्या. दुकानदार ठकीच्या ओळखीचा होता. चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा गल्ल्यावर शोधत होता. मागच्या बाजूला त्याने फोमने मढवलेली एक खोली केली होती, गिऱ्हाइकांना माइक बोलून बघता यावा म्हणून.

“माइक एकटा काही करत नाही, ताई,” ठकीने समजावलं. “त्याची केबल या डबीत जाते आणि डबी कॉम्प्युटरला जोडायची. हिला इंटरफेस म्हणतात. ही तुझ्या आवाजाचे आकडे करते.”

“डॉक्टर फोटो काढायचे दातांचे, तसं.”

“साधारण तसंच.”

“मग कीड दिसणार म्हणायची,” ताई म्हणाली. दुकानदार हसला.

त्याने पहिला माइक लावला, तो कंडेन्सर. त्याला डबीतून वीज द्यावी लागते आणि तो टाचणी पडलेलीही ऐकतो. ताई दोन ओळी गायली आणि हेडफोनमधून ऐकता ऐकता तिने मान मागे घेतली. तिच्या ओढणीची सळसळ, ओठ सुटताना होणारा बारीक आवाज, श्वास, सगळं त्यात होतं.

“हा नको,” ती म्हणाली. “हा फार खरं बोलतो.”

दुसरा डायनॅमिक होता. याला वीज लागत नाही, हा तोंडाजवळचं तेवढं घेतो आणि वरची धार जरा बोथट करतो. ताईने डोळे मिटून ऐकलं.

“हा समजूतदार आहे. हाच घेऊ.”

“बाई,” दुकानदार म्हणाला, “जरा वर जाऊन दाखवा ना. तुमचा आवाज खाली इतका भरलेला आहे, वर कसा आहे ते ऐकल्याशिवाय मी काय सांगणार?”

“वर फाटतो माझा.”

“कोणी सांगितलं?”

“जाणकारांनी. आणि आमची ठकी त्यातलीच आहे की. ती म्हणते, माइक जे आहे तेच घेतो.”

ठकी भिंतीवर टांगलेल्या केबलींची लांबी वाचत उभी होती. तीन मीटर, पाच मीटर, दहा मीटर. दुकानदाराने तिच्याकडे बघितलं. आता मॅडम काहीतरी बोलतील असं त्याला वाटलं असावं.

“घरातली खोली आहे,” ती म्हणाली. “समोर शाळा, खाली रस्ता. अशा ठिकाणी कंडेन्सर सगळा गोंगाट ओढून घेईल. डायनॅमिकच बरा.”

हे अगदी खरं होतं. कोणीही जाणकार हेच म्हणाला असता. कारण खरं होतं म्हणूनच तिला ते जास्त लागलं. खोटं कारण दिलं असतं तर निदान आपण खोटं बोलतोय हे तरी स्वतःला कळलं असतं.

मग तिने वस्तूंचा सपाटा लावला. डायनॅमिकला आवाज जास्त उचलावा लागतो म्हणून त्यातल्या त्यात चांगली डबी, कानांवर घट्ट बसणारा हेडफोन, जड बुडाचा स्टँड, तोंडापुढे लावायची जाळी, केबली एकाऐवजी तीन. ताईला पैसे काढू दिले नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवशी स्वतःच्या स्टुडिओतून दोन स्पीकर घेऊन गेली.

“एवढं कशाला?” ताई हसत म्हणाली. “कसलं प्रायश्चित्त घेतेयस की काय?”

ती थट्टा होती. ठकीने स्पीकर इतक्या घाईने खाली ठेवला की तिचं बोट चेमटलं.

खोली ताईच्या लेकीची. ती शिकायला दुसरीकडे गेली होती. भावोजी फर्निचर करणारे, त्यांनी आठवडाभरात लाकडी चौकटी करून त्यांत जुनी घोंगडी आणि रजया ठासून भरल्या होत्या. पुढच्या रविवारी सकाळी त्या भिंतींना लागल्या. ठकीने मधोमध उभं राहून टाळी वाजवली. एका कोपऱ्यातून अजून टणकन परत येत होती. भावोजींनी तिथे कपड्यांचं उघडं कपाटच सरकवलं. पुन्हा टाळी. आता नुसती टाळी ऐकू आली.

“मेहुणीबाई, तीस वर्षांचा संसार झाला, ही खोली एवढी गप्प कधी बसली नव्हती,” भावोजी म्हणाले. संसार चोवीसच वर्षांचा होता, पण त्यांना गोल आकडे आवडत.

“फ्रिजची घरघर येतेय, भावोजी.”

“बंद करतो. आइसक्रीम वितळायच्या आत एखादा अजरामर सूर लावून टाका म्हणावं,” असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं.

ठकीने खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली. माइक ताईच्या तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका. कार्ड समोर, खडखड होऊ नये म्हणून कापडावर. आवाजाची पातळी बघून घेतली, पडद्यावर रेकॉर्डिंगची लाल गोळी लावली आणि मानेने खूण केली.

ताई गायली. गाणं एका बाईचं होतं. ती रोज एकाच खिडकीशी उभी राहते, पण रस्ता बघत नाही, काचेवरचा आपलाच श्वास बघते. शब्द साधे होते. चाल चांगली होती. खरं तर चांगलीपेक्षा फार पुढची होती, आणि ठकीने अठ्ठावीस वर्षांत शेकडो चाली ऐकल्या होत्या. दुसरं कडवं हळूहळू चढत गेलं, एक पायरी, आणखी एक, आणि आता वरचा सूर येणार म्हणून ठकीच्या नकळत तिची पाठ ताठ झाली. तो आला नाही. चाल ऐन दारातून मागे वळली आणि खाली उतरली.

गाणं संपलं.

“ताई, दुसऱ्या कडव्यात ती वर जायला हवी होती.”

“जायची,” ताई म्हणाली. “मनात आली तेव्हा वरच गेली होती. मग मी मुरडली. माझ्याच्याने झेपणारं असायला नको का?”

“बाकीच्या?”

“बाकीच्याही. सगळ्या कुठे ना कुठे मुरडल्यात. सवय झाली आता. मनात येतानाच मुरडून येतात.”

ठकीला आजवर वाटत होतं, एक नोकरी गेली ताईची. एक फिरती. तसले वाद्यवृंद बहुतेक रडतखडत चालणारे, कोण जाणे ताई सुखी झाली असती की नाही, असंही ती स्वतःला सांगत आली होती. या पंचवीस गाण्यांचा तिने हिशेबच धरला नव्हता. समोर कापडावर कार्ड पडलं होतं, पाठीमागे कोणाच्या तरी दाढेची वेळ लिहिलेलं.

“ताई, तुझा आवाज वर फाटत नव्हता,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“त्या टेपवर. ती मी फाडली. पातळी जास्त लागली होती. मला दिसत होतं, ऐकू येत होतं. मी काही केलं नाही.”

ताईने हेडफोन काढला नाही. मग दवाखान्यात नव्या पेशंटची माहिती विचारावी तशा सुरात तिने एकेक विचारायला सुरुवात केली.

“किती फिरवावं लागलं असतं ते बटण?”

“नखभर.”

“परत गायला वेळ नव्हता?”

“होता. चाळीस मिनिटं होती.”

“आणि घरी येऊन मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“बाबांसाठी केलंस?” ताई म्हणाली. आवाज जरा मऊ झाला होता. ती दार उघडून देत होती, आणि ठकीला ते स्पष्ट दिसत होतं.

“नाही. माझ्यासाठी. मला ते काम सोडायचं नव्हतं.”

ताईने मान हलवली. “बाबांसाठी म्हणाली असतीस तर मला सोपं गेलं असतं.” तिने कापडावरचं कार्ड सरळ केलं. “मला सांगितलं असतंस, ताई जाऊ नकोस, तर मी थांबले असते गं. एका शब्दावर थांबले असते.”

“माहीत होतं.”

“मग?”

“मग तू माझ्यासाठी थांबलीस असं झालं असतं. ते मला आयुष्यभर बघावं लागलं असतं. हे तसं... हे कोणाला दिसणार नव्हतं.”

बाहेरून भावोजींनी दारावर टिचकी मारली. “फ्रिज लावू का? आइसक्रीमचं सरबत व्हायला लागलंय.”

“लावा,” ताई म्हणाली.

फ्रिजची घरघर सुरू झाली तेव्हा दोघींचंही पडद्याकडे लक्ष गेलं. लाल गोळी अजून लागलेली होती. सगळं रेकॉर्ड झालं होतं. ठकीने हात पुढे करून ते थांबवलं आणि पुसून टाकायला म्हणून पुन्हा हात नेला.

“राहू दे ते,” ताई म्हणाली. “तू घरी जा आता.”

ठकीने पर्स उचलली. भावोजी बशीत आइसक्रीम घेऊन उभे होते. कामाचा फोन आलाय, असं काहीतरी सांगून ती जिना उतरली.

सहा आठवडे ताईचा फोन आला नाही. ठकीने चार वेळा केला. उचलला गेला नाही. या दिवसांत स्टुडिओत ती विचित्र वागू लागली. चांगलं झालेलं वाचनही पुन्हा करायला लावायची, काटा लाल पट्ट्याच्या जवळ जरी गेला तरी थांबवायची. निवेदक कुरकुरले. एकजण म्हणाला, “मॅडम, आता मला साबणाची ॲलर्जी होईल.” तिला हसू आलं नाही. सांगून टाकल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. पूर्वी ते तिच्या एकटीजवळ होतं, तिला हवं तेव्हा ती ते बाजूला ठेवू शकायची. आता ते ताईजवळ होतं, आणि ताई ते कसं सांभाळते आहे हे दिसायची सोय नव्हती.

सातव्या आठवड्यात भावोजींचा फोन आला. “मेहुणीबाई, तुमच्या त्या डबीत भुंगा शिरलाय. घुं घुं करतोय. तुमची ताई म्हणतेय, येऊन बघा.”

त्यांच्या आवाजावरून त्यांना काहीच माहीत नाही हे कळलं. ताईने नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

ती गेली. ताईने दार उघडलं, “ये” म्हणाली आणि खोलीकडे वळली. भुंगा लगेच सापडला. माइकची केबल टेबलावरच्या दिव्याच्या वायरला वेढे घालून ठेवली होती. ठकीने ती सोडवली, वेगळ्या बाजूने फिरवून घेतली. घुमणं थांबलं. काम दोन मिनिटांत संपलं आणि आता उभं कुठे राहायचं हा प्रश्न आला.

“बस,” ताई म्हणाली. “मी शिकले हे सगळं. कापणं, जोडणं, आवाज हळूहळू बारीक करत नेणं. कशावर शिकले माहितेय?”

“कशावर?”

“तुझ्यावर. त्या दिवशीचं बोलणं होतं ना त्यात, त्याच्यावर. गाण्यावर हात चालवायची भीती वाटत होती. तुझं ते ‘नाही, माझ्यासाठी’ मी दहा-बारा वेळा तरी कापलं असेल. कापायचं आणि परत जोडायचं. सुरुवातीला रागाने. मग नीट जमेना म्हणून.” ती खुर्चीवर बसली. “आता जोड कुठे आहे ते कळतसुद्धा नाही.”

ठकी मान खाली घालून ऐकत होती.

“आणि आता हे ऐक.”

ताईने हेडफोन न लावता, माइक न लावता, खिडकीच्या गाण्याचं दुसरं कडवं धरलं. एक पायरी, आणखी एक, आणि या वेळी ती मागे वळली नाही. वर गेली. आणि वर तिचा आवाज फाटला. कोरडा, मधोमध चिरलेला, पंचावन्न वर्षांच्या बाईचा, अठ्ठावीस वर्षं वरचं काही न गायलेला आवाज.

“रोज सकाळी दीड तास करतेय,” ताई म्हणाली. “आता खरंच फाटतो.”

ठकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण आता आपण रडलो तर ताईला आपल्यालाच गप्प करावं लागेल हे तिला कळलं, म्हणून तिने ते पुसलं.

“मी तो दुसरा माइक आणते,” ती घाईघाईने म्हणाली. “आणि एक गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत माझ्या ओळखीच्या, आवाज कमावून घेतात, त्यांना...”

“माइक राहू दे. तुला ना, प्रत्येक गोष्टीवर एकेक वस्तू आणून ठेवायची सवय लागलीय. वस्तू नकोय मला.” ताईने कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला. “मी सगळ्या चाली सरळ करायला घेतल्यात. जिथे जायच्या होत्या तिथे जाणार त्या. फाटला तर फाटला. तू मंगळवारी आणि शुक्रवारी यायचंस. तिथे बसायचं. मी गायले की मी तुला विचारणार, आणि जे झालं असेल ते तू सांगायचंस. फाटला असेल तर फाटला म्हणायचं. छान झालं म्हणायचं नाही.”

“येते,” ठकी म्हणाली.

पहिल्या शुक्रवारी ताईने खिडकीचं गाणं नऊ वेळा म्हटलं. दरवेळी काचेतून बघावं तसं मान वर करून विचारलं, “कसं झालं?” आणि दरवेळी ठकीला म्हणावं लागलं, “फाटला.” तिसऱ्या वेळी तिची जीभ अडखळली. पाचव्या वेळी तिने “थोडासा” हा शब्द जोडून बघितला, तर ताई म्हणाली, “थोडासा की फाटला?” “फाटला.” नवव्या वेळी समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली, पोरांचा गलका सुरू झाला आणि दोघी थांबल्या.

मग सवय झाली, असं म्हणता येणार नाही. ती प्रत्येक मंगळवारी तितकीच घाबरून जायची. पण काम पुढे सरकत होतं. ताई सकाळी रियाज करायची, गरम पाणी प्यायची, दुपारी गायची. तिसऱ्या महिन्यात एका गाण्यात वरचा सूर जेमतेम लागला. ठकी म्हणाली, “फाटला नाही. पण सुरात नाही, जरा खाली आहे.” ताईने डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. ती खरं बोलतेय याची खात्री पटल्यावर म्हणाली, “चल, पुन्हा.” त्या दोघींमध्ये इतकं सरळ बोलणं लहानपणानंतर झालं नव्हतं.

वर्षाच्या शेवटी पंचवीसपैकी बावीस गाणी पुरी झाली. त्यांतल्या सहांमध्ये आवाज वर चिरलेला आहे आणि ताईने तो तसाच ठेवला. तीन गाणी इतकी वर जात होती की ती तिला आता कधीच येणार नव्हती. ती तिने कार्डांवरच राहू दिली. भावोजींनी बावीस गाणी एकामागून एक ऐकली आणि विचारलं, “ही एवढं वर गाते हे मला कोणी सांगितलं का नाही?” ताईने कार्डं मोजायला घेतली, तेव्हा ते चहा ठेवायला गेले.

ते गेल्यावर ठकीने वर्षभर तोंडाशी येऊन परतलेला प्रश्न विचारला. “ताई, मला माफ केलंस का गं?”

ताई केबल गुंडाळत होती, कोपर आणि अंगठ्याभोवती. तशी गुंडाळली की आतली तार पिळवटते, हे ठकीने तिला कितीदा सांगितलं होतं.

“हे विचारत जाऊ नकोस,” ती म्हणाली. “हे विचारलंस की मला तुझी समजूत काढावी लागते. चोवीस वर्षं लोकांच्या समजुती काढल्या मी. ते काम आता सोडलंय.”

ठकीने हात पुढे केला, ताईने केबल तिच्या हातात दिली, आणि ठकी ती उलगडून, एक वेढा सुलटा एक उलटा करत, पुन्हा नीट गुंडाळू लागली. ताई शेजारी उभी राहून तिचे हात बघत होती.